विंडोज, मॅक, लिनक्स एकाच घरात: फाइल शेअरिंग अडले तर कुठून तपासायचे

फोटो विंडोजच्या डेस्कटॉपवर, हिशेब मॅकबुकवर, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, शिवाय घरात चार फोन. सगळे एकाच वायफायवर आहेत, इंटरनेट सगळ्यांना मिळते, पण एका संगणकावरचा फोल्डर दुसऱ्यावर उघडत नाही. मग ठरलेले उपाय सुरू होतात: फायरवॉल बंद करणे, फोल्डरला ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देणे आणि कुठल्यातरी व्हिडिओत पाहून एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करणे. एवढे करूनही फोल्डर उघडत नाही, कारण दोष बहुधा त्या तिन्ही ठिकाणी नसतो. वर आपण काय काय बदलले, तेही आठवेनासे होते.

तपासणी खालून वर करायची. आधी नेटवर्क, मग आयपी पत्ता, मग पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचे दार), मग युजर आणि पासवर्ड, मग फोल्डरची परवानगी आणि शेवटी फाइलची नावे. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नका. (खाली दिलेल्या आज्ञा आणि आकडे संगणकावर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.)

आधी एवढे करून घ्या

फाइल्स ठेवणारा संगणक एकच ठरवा. चौघांनी एकमेकांना फोल्डर शेअर करायचे म्हटले, की चार ठिकाणचे युजर, चार ठिकाणच्या परवानग्या आणि चार ठिकाणचे बिघाड सांभाळावे लागतात. जो संगणक दिवसभर चालू राहू शकतो, तो यजमान. बाकीचे सगळे त्याच्याकडून फाइल्स घेतील आणि त्याच्याकडेच ठेवतील.

एका कागदावर प्रत्येक संगणकाचे नाव, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि आयपी पत्ता लिहा. राऊटरचा अॅडमिन पासवर्ड शोधून ठेवा. बदललेला नसेल तर तो बहुतेक वेळा राऊटरच्या तळाला चिकटवलेला असतो. एक चांगली लॅन केबल हाताशी असू द्या.

आधी केलेले उपाय उलटे फिरवा. फायरवॉल पुन्हा चालू करा, एसएमबी १ बंद करा, सगळ्या संगणकांवरचे व्हीपीएन बंद करा. चालू व्हीपीएन घरातल्या घरातले दळणवळणही अडवू शकते, आणि लोक नेमके हेच तपासायला विसरतात.

*सावधान:* ऑफिसने दिलेला लॅपटॉप या प्रयोगात घेऊ नका. त्यावरची धोरणे तुम्हाला बदलता येत नाहीत आणि दोष शोधताना तो फक्त गोंधळ वाढवतो.

१. सगळे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का?

गोव्यातल्या घरांत पहिला संशय इथेच घ्यावा. जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असतात. फायबरची पेटी बाल्कांवाशेजारच्या (पुढच्या ओसरीशेजारच्या) खोलीत बसवलेली असते आणि मागच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही. मग दुसरा राऊटर आणून मागे लावला जातो. इंटरनेट येते म्हणून काम झाले असे वाटते, पण तो दुसरा राऊटर स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करून बसलेला असतो.

कसे ओळखायचे? विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ द्या. मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये वायफायच्या ‘डिटेल्स’मध्ये पाहा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’. घरगुती राऊटरवर पत्त्यातल्या टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन सगळीकडे सारखे हवेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१०५ असेल, तर ती दोन वेगळी नेटवर्क आहेत.

याची एक हमखास खूण आहे. मागच्या खोलीतल्या मॅकवरून पुढचा विंडोज उघडतो, पण विंडोजवरून मॅक काही केल्या उघडत नाही. आतल्या राऊटरमागचा संगणक बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला आत येता येत नाही. हे लक्षात न आल्याने लोक मॅकच्या सेटिंग्जमध्ये तासन्‌तास डोके घालून बसतात.

उपाय: दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पसरवेल. नसेल तर हा क्रम पाळा.

क) दुसऱ्या राऊटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून मुख्य राऊटरच्या रांगेतला रिकामा पत्ता द्या. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. तो क्रमांक मुख्य राऊटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) रांगेत येणार नाही, हे पाहून घ्या.
ख) नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि त्याचे डीएचसीपी बंद करा.
ग) मुख्य राऊटरकडून आलेली केबल ‘वॅन’ पोर्टमधून काढून ‘लॅन’ पोर्टमध्ये घाला.

डीएचसीपी आधी बंद केले आणि पत्ता बदलायचा राहिला, तर त्या राऊटरच्या सेटिंग पानावर परत पोचणे अवघड होते आणि शेवटी रीसेटचे बटण दाबावे लागते.

दुसरा संशय गेस्ट नेटवर्कचा. घराचा एखादा भाग होमस्टेला दिला असेल तर पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असतेच, असायलाच हवे. पण घरातलाच एखादा फोन किंवा लॅपटॉप कधीतरी त्याला जोडलेला राहतो. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना घरचे संगणक दिसू नयेत, अशीच त्याची रचना असते. काही राऊटरमध्ये मुख्य वायफायलाही ‘एपी आयसोलेशन’ नावाचा, उपकरणांना एकमेकांपासून तोडणारा पर्याय असतो. तो बंद हवा. उलट बाजूने, पाहुण्यांना मुख्य वायफायचा पासवर्ड देऊन ठेवला असेल, तर फाइल शेअरिंग सुरू करण्याआधी तो बदला.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल काढून घाला किंवा वायफाय बंद-चालू करा. तोपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

*तपासा:* सगळ्या संगणकांचे पहिले तीन आकडे सारखे. मगच पुढे.

२. यजमानाचा पत्ता कायमचा करा

‘काल चालत होते, आज नाही’ या तक्रारीचे नेहमीचे कारण म्हणजे बदललेला पत्ता. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, राऊटर पुन्हा सुरू होतो, पत्ते नव्याने वाटले जातात आणि कालचा १९२.१६८.१.२३ आज एखाद्या फोनकडे गेलेला असतो.

राऊटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. यजमानाचा मॅक अॅड्रेस (अॅपलचा मॅक नव्हे, नेटवर्क कार्डाचा क्रमांक) निवडून त्याला एक पत्ता बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. पत्ता संगणकावर हाताने टाकण्यापेक्षा राऊटरमध्ये राखून ठेवणे बरे, कारण मग तोच पत्ता चुकून दुसऱ्याला दिला जात नाही.

इथे एक खाच आहे. संगणकावर ‘प्रायव्हेट वायफाय अॅड्रेस’ किंवा ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ चालू असेल, तर तो राऊटरला खरा क्रमांक सांगत नाही. यजमानावर, फक्त घरच्या वायफायपुरता, हा पर्याय बंद करा. यजमान केबलने जोडलेला असेल तर उत्तमच. मात्र केबलचा आणि वायफायचा क्रमांक वेगळा असतो, हे विसरू नका.

लाईट गेल्यावर मॅकबाबत आणखी एक गोष्ट घडते. फाइलव्हॉल्ट (डिस्क कूटबद्ध करणारी मॅकची सोय) चालू असलेला मॅक आपोआप सुरू झाला तरी कोणी पासवर्ड टाकेपर्यंत त्याची डिस्क कुलूपबंद राहते आणि शेअरिंग सुरूच होत नाही. घरात सतत कोणी नसेल तर असा मॅक यजमान करू नये. लॅपटॉप यजमान असेल तर झाकण मिटल्यावर झोपू नये अशी पॉवर सेटिंग करा.

३. पोर्ट ४४५ उघडे आहे का?

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांचे शेअरिंग एसएमबी या पद्धतीने चालते आणि त्यासाठी टीसीपी पोर्ट ४४५ लागते. ‘पिंग’ला उत्तर आले नाही म्हणजे जोडणी नाही असे समजू नका, विंडोजची फायरवॉल पिंग अडवूनही बसलेली असते. थेट पोर्ट तपासा.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये: टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.५० -पोर्ट ४४५. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ यायला हवे.
मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनलमध्ये: एनसी -व्हीझेड १९२.१६८.१.५० ४४५. ‘सक्सीडेड’ यायला हवे.

पोर्ट बंद आढळले तर यजमानावर हे पाहा.

विंडोज: ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जोडणीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ हवे. नवा राऊटर लावला किंवा वायफायचे नाव बदलले, की विंडोजला ते नवे नेटवर्क वाटते आणि प्रोफाइल ‘पब्लिक’ होते. त्यानंतर ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेट नेटवर्कखालचे ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते. तिथेही घरचे नेटवर्क ‘विश्वासू’ म्हणून नोंदवा.

मॅक: फायरवॉलच्या पर्यायांत ‘ब्लॉक ऑल इनकमिंग कनेक्शन्स’ चालू नको.

लिनक्स: युएफडब्ल्यू (लिनक्सची फायरवॉल) चालू असेल तर ‘सुडो युएफडब्ल्यू अलाव सांबा’.

*सावधान:* बाहेरून फाइल्स मिळाव्यात म्हणून राऊटरमध्ये पोर्ट ४४५ इंटरनेटसाठी कधीही उघडू नका.

आता ‘नेटवर्कमध्ये संगणक दिसतच नाही’ या तक्रारीबद्दल. दिसणे आणि जोडले जाणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पूर्वी विंडोजमधली संगणकांची यादी एसएमबी १ सोबतच्या जुन्या सेवेवर चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच जुन्या पद्धतीतली त्रुटी वापरून धुमाकूळ घातला आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ एकतर नसते किंवा न वापरल्यास काही दिवसांत आपोआप काढले जाते. यादी रिकामी दिसते ती त्यामुळे. यादीसाठी एसएमबी १ परत आणणे म्हणजे दारावरची पाटी दिसावी म्हणून दारच काढून ठेवणे. यादी हवीच असेल तर विंडोज यजमानावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ‘ऑटोमॅटिक’ करा आणि लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ हे पॅकेज घाला. पण पत्ता टाइप करून फोल्डर उघडत असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही.

४. यजमानावर युजर आणि फोल्डर

शेअरिंगसाठी वेगळा युजर करा. नाव रोमन अक्षरांत, छोटे, मध्ये जागा न सोडता. पासवर्ड रिकामा नको. रिकाम्या पासवर्डचा युजर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

*यजमान विंडोज असेल तर*

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो तो पासवर्डवर. रोज संगणक उघडायला वापरता तो पिन नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर युजर म्हणून पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा पासवर्ड लागतो, आणि तोही संगणकावर कधी पासवर्डने लॉगिन केलेच नसेल तर फसतो. म्हणून ‘अकाउंट्स – अदर यूझर्स’मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा स्थानिक युजर तयार करा.

फोल्डर ‘डी’ ड्राइव्हवर किंवा ‘सी’च्या मुळाशी नवा करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स किंवा वनड्राइव्हमधला फोल्डर शेअर करू नका. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज – शेअरिंग – अॅडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये शेअरचे नाव रोमनमध्ये द्या, ‘पर्मिशन्स’मधून ‘एव्हरीवन’ काढा आणि नव्या युजरला ‘चेंज’ व ‘रीड’ द्या. मग ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये त्याच युजरला ‘मॉडिफाय’ द्या. दोन्ही ठिकाणी द्यायचे, कारण दोन्हींपैकी जी परवानगी कडक असेल तीच लागू होते. ‘शेअरिंग’ टॅबमध्ये सगळे दिले आणि ‘सिक्युरिटी’ टॅब उघडलाच नाही, ही रोजची चूक.

*यजमान मॅक असेल तर*

‘जनरल – शेअरिंग – फाइल शेअरिंग’ चालू करा, बाजूच्या ‘आय’ चिन्हावर जाऊन फोल्डर व युजर नोंदवा. त्यानंतर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या युजरपुढे खूण करून पासवर्ड द्या. ही खूण राहिली तर दुसरा मॅक जोडला जातो, विंडोज मात्र ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहतो. युजरचा पासवर्ड बदलल्यावर अडले, तर हीच खूण काढून पुन्हा करा.

*यजमान लिनक्स असेल तर*

सांबाला (लिनक्सवर एसएमबी शेअरिंग चालवणाऱ्या प्रोग्रामला) लिनक्सचा लॉगिन पासवर्ड माहीत नसतो. त्याचा वेगळा पासवर्ड ‘सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ आणि पुढे युजरचे नाव देऊन ठरवावा लागतो. तो युजर लिनक्समध्ये आधीच असायला हवा. मग एसएमबी डॉट कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये शेअरचा मार्ग, ‘व्हॅलिड यूझर्स’ आणि ‘रीड ओन्ली = नो’ लिहा. ‘टेस्टपार्म’ने चुका तपासा आणि एसएमबीडी सेवा पुन्हा सुरू करा.

शेअरच्या मार्गातल्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्या युजरला शिरता आले पाहिजे. उबुंटू २१.०४ पासून नवे होम फोल्डर इतरांना बंद असतात, म्हणून होममधला फोल्डर दुसऱ्या युजरसाठी शेअर केला की यादीत दिसतो पण उघडत नाही. फोल्डर ‘/एसआरव्ही’खाली करणे सोपे. यूएसबी डिस्कचेही तसेच: डेस्कटॉपवर आपोआप जोडलेली डिस्क लॉगिन केलेल्या युजरपुरती असते. तिला ‘एफएसटॅब’ या डिस्क-नोंदींच्या फाइलमध्ये यूयूआयडी (डिस्कचा ओळखक्रमांक) देऊन कायमची जागा द्या आणि ‘नोफेल’ लिहा, नाहीतर डिस्क काढून ठेवलेल्या दिवशी संगणक सुरू होताना अडकेल.

*राऊटरच्या यूएसबीला डिस्क लावली असेल तर*

बरेच जुने राऊटर फक्त एसएमबी १ बोलतात किंवा पासवर्डशिवायच फाइल्स देतात. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावरची डिजिटल सही तपासणे) सक्तीचे झाले आहे आणि पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद आहे. त्यामुळे अपडेटनंतर अशी डिस्क एकाएकी उघडेनाशी होते. राऊटरमध्ये युजर-पासवर्डची सोय असेल तर ती चालू करा. तेवढ्याने भागले नाही तर डिस्क काढून लिनक्सच्या लॅपटॉपला लावा. एका जुन्या राऊटरसाठी घरातल्या सगळ्या संगणकांची सुरक्षा सैल करणे हा वाईट सौदा आहे.

५. जोडणी

विंडोजवरून: फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५०\ आणि पुढे शेअरचे नाव.
मॅकवरून: फाइंडरमध्ये कमांड-के, मग एसएमबी://१९२.१६८.१.५०. विचारल्यावर ‘गेस्ट’ नव्हे, ‘रजिस्टर्ड यूझर’.
लिनक्सवरून: फाइल मॅनेजरच्या पत्त्यात मॅकसारखेच.
आयफोनवर ‘फाइल्स’ अॅपमध्ये तीन टिंबे, ‘कनेक्ट टू सर्व्हर’. अँड्रॉइडवर एसएमबी चालणारा फाइल मॅनेजर लागतो. फक्त व्हिडिओ पाहायचे असतील तर व्हीएलसी पुरे. आयफोनवरच्या अशा अॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्यावी लागते, एकदा ‘नाही’ म्हटले की अॅप गप्प बसते, कारण सांगत नाही.

विंडोज पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल तर युजरच्या जागी यजमानाचे नाव, उलटी तिरपी रेघ आणि मग युजर असे लिहा. तरीही नाही झाले तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन यजमानाच्या नावाची आणि पत्त्याची जुनी नोंद पुसा.

१२१९ हा एरर आला तर पासवर्ड बदलत बसू नका. एकाच यजमानाला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या युजरने जोडायला विंडोज नकार देतो. ‘नेट यूज * /डिलीट’ देऊन जुन्या जोडण्या तोडा आणि पुन्हा लॉगिन करा. ८००७००३५ हा कोड मात्र ‘पत्ता सापडला नाही’ असे सांगतो. पासवर्डशी त्याचा संबंध नाही. परत तिसऱ्या पायरीवर जा.

६. उघडते, पण लिहिता येत नाही

प्रत्येक उपकरणावरून याच क्रमाने चाचणी करा: एक छोटी फाइल ठेवा, उघडा, नाव बदला, पुसा. काहीच ठेवता येत नसेल तर चौथ्या पायरीतली परवानगी अपुरी आहे. काही फाइल्स उघडतात आणि काहींना नकार मिळतो, असे झाले तर कारण वेगळे. विंडोजवर एकाच ड्राइव्हमध्ये ‘कट-पेस्ट’ने हलवलेली फाइल जुन्या जागेची परवानगी घेऊन येते, कॉपी केलेली नव्या फोल्डरची घेते. शेअर फोल्डरच्या ‘सिक्युरिटी – अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट पर्मिशन’वर खूण करून लागू करा.

७. फाइलची नावे

मॅक आणि लिनक्सवर चालणारी बरीच नावे विंडोजला चालत नाहीत: कोलन (मॅकच्या फाइंडरमध्येही चालत नाही), प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ, आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा. लिनक्सवर ‘चवथ २०२४: आरती’ असा फोल्डर केला, की सांबामार्फत विंडोजवर तो आठ अक्षरांच्या, मध्ये ‘~’ असलेल्या विचित्र नावाने दिसतो. फाइल खराब झालेली नसते. मूळ जागी जाऊन कोलन काढा.

मराठी नावांत आणखी एक फसगत होते. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर तो दुसऱ्या प्रकारे साठवला जातो. अशा डिस्कवरून फोल्डर थेट लिनक्सवर आणले, की डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसणारी ‘किनाऱ्यावर’ नावाची दोन फोल्डर तयार होऊ शकतात आणि शोधले तर एकच सापडते. लिनक्सवरचे ‘कॉनव्हएमव्ही’ ‘--एनएफसी’ पर्यायासह चालवले की नावे एका पद्धतीत येतात. आधी ते नुसती यादी दाखवते. ती वाचून मगच ‘--नोटेस्ट’ द्या.

८. चालते, पण फार हळू

साधारण १ जीबीचा एक व्हिडिओ कॉपी करून वेळ मोजा. गिगाबिट केबलवर दहा-बारा सेकंद लागतात, १०० एमबीपीएसच्या जोडणीवर दीड मिनिट. हजारो छोटे फोटो मात्र चांगल्या केबलवरही हळूच जातात. ते झिप करून पाठवा.

केबल आणि दोन्ही टोकांची पोर्ट गिगाबिटची असून ‘लिंक स्पीड’ १०० दाखवत असेल तर बहुधा केबलमधली तारांची एखादी जोडी तुटली आहे. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणून सगळे ‘चालू’ दिसते आणि वेग दहापट कमी. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या, दमट हवेने कनेक्टरच्या पिना गंजतात, विशेषतः केबल बाहेरच्या भिंतीवरून किंवा कौलांखालून नेली असेल तर. दुसरी केबल लावून खात्री करा. पिनांवर हिरवट थर दिसला तर घासत बसू नका. टोक दोन इंच कापून नवा आरजे-४५ कनेक्टर क्रिम्प करा, आणि आठही तारांचा रंगक्रम दुसऱ्या टोकाशी जुळवून घ्या.